वन रूम किचनमधली स्पेस

"घर पे उनको थोडा स्पेस दीजिए," असं त्या ट्रेनर मॅडम म्हणाल्या आणि माझा हात आपोआप वर गेला. शाळेत कधी वर गेला नव्हता तो. म्हटलं, "मॅडम, स्पेस किधर से लाऊं? हमारा वन रूम किचन है." आजूबाजूच्या खुर्च्यांवरच्या बायका खो खो हसल्या. मॅडमही हसल्या. त्यांना वाटलं मी विनोद केला. त्या दिवसांत मला विनोद-बिनोद काही सुचत नव्हता. मी खरंच विचारत होते.

माझा नवरा फायर ब्रिगेडमध्ये आहे, आगीच्या बंबावर ड्रायव्हर. मॅडमची ती बैठक खात्यानेच ठेवली होती, आदल्या दिवशी पुरुषांसाठी आणि त्या दिवशी आम्हा घरच्यांसाठी. अपघाताच्या ठिकाणी जाऊन जाऊन माणसाचं मन कसं थकतं आणि मग ते कसं सांभाळायचं, असा विषय होता. पडद्यावर समुद्रकिनाऱ्याचं चित्र होतं आणि तिथे एक माणूस एकटाच मांडी घालून बसला होता. मी परळच्या चाळीत वाढले, लग्न होऊन भाईंदरला आले, पण असा एकटा बसलेला माणूस मी कुठेच पाहिला नाही. कोणी ना कोणी येऊन "काय झालं?" विचारतंच. मॅडम मात्र मनापासून बोलत होत्या, उगाच खोटं कशाला सांगू? आमच्यातल्या एकेकीला त्यांनी नावाने हाक मारली. फक्त त्या ज्या घरातून आल्या होत्या, त्या घराला दारं जास्त असणार.

आमच्या घराला दोनच दारं. एक बाहेरचं, एक बाथरूमचं. आत आम्ही चौघं: नवरा, सासूबाई, दहावीतली मुलगी आणि मी. शिवाय माझं शिलाई मशीन आणि पिको-फॉलला आलेल्या साड्यांचे गठ्ठे. केबिन रोडवरच्या एका मॅचिंग सेंटरचं काम मी घरी बसून करते. नवऱ्याचं घराणं मूळचं इथल्याच नवघरचं, एकेकाळी भातशेती आणि मिठागरवालं. जुनं घर पाडून बिल्डिंग झाली, भाऊ पुष्कळ, वाटे पडत पडत आमच्या वाट्याला ही एक खोली आणि ओटा आला. तक्रार नाही. बोरिवलीच्या पुढे आल्यावर लोक यालाही नशीब म्हणतात.

स्पेसची गरज का पडली, ते सांगते. त्या बैठकीच्या दोनेक आठवडे आधी एका जुन्या बिल्डिंगचा स्लॅब कोसळला. कुठली बिल्डिंग ते सांगत नाही, तिथली माणसं अजून आसपासच भाड्याने राहतायत. आग नव्हती, म्हणजे पंप चालवायचं काम नव्हतं, म्हणून ड्रायव्हरही ढिगाऱ्यात उतरला. दुसऱ्या दिवशी सकाळी घरी आला, आंघोळ केली, जेवला आणि भाजीत मीठ कमी आहे म्हणाला. मला वाटलं, चला, सुटलो. मीठ कमी आहे म्हणणारा माणूस ठणठणीतच असतो, असा माझा वीस वर्षांचा अनुभव.

पण त्यानंतर त्याला धड झोप लागलीच नाही. बसल्या बसल्या मान पडायची आणि लगेच, कोणी हाक मारावी तसा, दचकून उठायचा. उठला की छताकडे बघायचा. मग जाळ्या काढायची काठी घ्यायचा आणि छत ठोकायचा. ठक, ठक, ठक. कान लावायचा. प्लॅस्टर सुटलं असेल तर पोकळ वाजतं, म्हणे. आमचं छत ठोकून झालं, मग जिन्याचं. मग शेजारच्यांची सत्यनारायणाची पूजा आली. लोकांसमोर मी त्याला 'अहो' म्हणते आणि भांडताना 'अरे', पण त्या दिवशी तोंडातून काहीच फुटेना. कारण या गृहस्थाने तीर्थ घेतलं, शिरा खाल्ला आणि दारामागची काठी घेऊन यजमानांचं छत ठोकायला सुरुवात केली. वर भटजींना सांगितलं, "इथे पोकळ वाजतंय, तुम्ही तिकडे सरका." भटजी चौरंगासकट सरकले. यजमानीणबाईंनी माझ्याकडे असं बघितलं, की मी उरलेला शिरा न घेताच उठले.

वरच्या मजल्यावरच्या भाभीला वाटलं, तिच्या मिक्सरचा आवाज होतो म्हणून आम्ही खालून ठोकतो. ती तणतणत खाली आली. "मिक्सर तो सबके घर में चलता है ना? आप लोग बोलो ना सीधा, ठोकते क्यों हो?" तिला काय सांगू? म्हटलं, "भाभी, तुम्हारे लिए नहीं है, छत के लिए है." ती म्हणाली, "छत तो मेरा फ्लोअर है!" बरोबरच होतं तिचं. त्या दिवसापासून तिने मिक्सर लावायची वेळ बदलली आणि आमच्याशी बोलणं बंद केलं.

हे सगळं मी सहन केलं असतं. ठोक बाबा, हवं तितकं ठोक. पण हा माणूस तसाच, न झोपता, ड्युटीवर जात होता आणि तो अवजड बंब चालवत होता. केबिन रोडवरून साधी रिक्षा काढायची तरी ड्रायव्हर देवाचं नाव घेतो. भाजीच्या टोपल्या, पाणीपुरीच्या गाड्या, शाळेतून सुटलेली पोरं. त्यातून सायरन वाजवत हा जाणार आणि बसल्या जागी याची मान पडते, हे मला माहीत. मी मशीनवर बसले की सुईच्या जागी मला ते बंबाचं चाक दिसायचं. मला फार भीती वाटत होती आणि भीती वाटली की मी चिडते, हा माझा स्वभाव. तेव्हा मी महिनाभर चिडलेलीच होते.

"साहेबांना सांग ना," मी म्हणायची. "सांग, झोप येत नाही, थोडे दिवस गाडी नको."

"आणि लाइट ड्युटी घेऊ?" तो विचारायचा. तिथे बोलणं संपायचं.

लाइट ड्युटी ऐकायला बरी वाटते. हलकं काम, टेबलाशी बसायचं, फोन घ्यायचा. हाड मोडलं असेल तर कोणी काही म्हणत नाही. पण हाडं शाबूत असताना लाइट ड्युटी मागितली, की माणूस मोडीत निघालाच म्हणायचं. त्यांच्यातल्या एकाने पूर्वी मागितली होती, त्याला अजून सगळे 'ट्यूबलाइट' म्हणतात. चांगला जिगरबाज माणूस, आता स्वतःही त्या हाकेला ओ देतो. म्हणून पुरुषांच्या बैठकीत मॅडमनी झोपेचं विचारलं तेव्हा सगळ्यांनी एका सुरात सांगितलं होतं, "मस्त लागते!" दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न आम्हा बायकांना आला. आम्ही एकमेकींकडे बघितलं आणि सगळ्या गप्प बसलो. नवऱ्याच्या हातची गाडी काढून घ्या, असं कोण बोलणार? मीही बोलले नाही. मी स्पेसचं विचारलं.

घरी येऊन सासूबाईंना म्हटलं, "आई, मॅडम म्हणाल्या, त्यांना जरा जागा द्या."

सासूबाई तांदूळ निवडत होत्या. "जागाच हाय तो," त्या मान वर न करता म्हणाल्या. "त्याला आनखी जागा काय देतंस? निजव त्याला!"

"तसं नाही हो. जागा म्हणजे स्पेस. मोकळीक."

"मोकलीक व्हती मिठागराव. ती इकली तुज्या सासऱ्यान."

मिठागर परत मिळण्यासारखं नव्हतं, तेव्हा मी घरातच मोकळीक करायला घेतली. नवरा ज्या सकाळी ड्युटीवरून येईल, त्या दिवशी मुलीने शाळा सुटल्यावर थेट अभ्यासिकेत जायचं. सासूबाईंनी जेवून देवळात जाऊन बसायचं. मी मशीन बंद ठेवायचं. सासूबाई कुरकुरत गेल्या. देव तरी दिवसभर माझं तोंड बघून कंटाळंल, म्हणाल्या. मॅचिंग सेंटरवाल्याचे फोनवर फोन, "दीदी, साडी का क्या हुआ?" मी त्याला काय सांगणार, नवऱ्याला स्पेस देतेय? पंखा सोडला तर घरात आवाज नाही. आणि त्या शांत घरात हा पलंगावर डोळे टक्क उघडे ठेवून पडलेला. जरा वेळाने ठक, ठक, ठक.

मग मला गच्चीची आठवण झाली. आमच्या गच्चीला कुलूप आणि चावी सोसायटीच्या सेक्रेटरीकाकांकडे. काका गुजराती, स्वभावाने गोड, पण चावी त्यांच्या कमरेला लटकलेली असते आणि ती मागितली की ते कमरेवर हात ठेवून बोलतात. मी खरं काय ते सांगितलं, नवऱ्याला झोप लागत नाही, जरा मोकळ्या हवेत एकटा बसेल. काकांचा चेहरा पडला. "जुओ भाभी, चावी का कुछ नहीं. पण टेन्शनवाला आदमी, अकेला, ऊपर टेरेस पे... समझो ने."

मी समजले. आणि संध्याकाळपर्यंत अख्खी बिल्डिंग समजली. तळमजल्यावरचे आजोबा ब्राह्मीचं तेल घेऊन आले. दुसऱ्या मजल्यावरची बाई दृष्ट काढायला मीठ-मोहऱ्या घेऊन आली, वर मलाच म्हणाली, "तुम्ही त्यांना फार बोलता का?" एक जण नवऱ्याला बाजूला घेऊन हळूच सांगून गेला की क्वार्टरसारखं औषध नाही. सेक्रेटरीकाका स्वतः येऊन आमच्या खिडकीचे गज हलवून बघून गेले. जागा मागायला गेले आणि घरात पाय ठेवायला जागा उरली नाही. नवरा सगळ्यांशी नीट बोलला, सगळ्यांना चहा पाजायला लावला. ते गेल्यावर मला म्हणाला, "तू माझी गाडी घालवणार आहेस. कोणीतरी जाऊन फायर स्टेशनात बोलेल." मी म्हटलं, "बोलू दे!" आणि मग आम्ही भांडलो. मुलगी मधे पुस्तक धरून बसली होती, तिने फक्त पान उलटलं.

त्याला एकदा तलावाकाठी पाठवून पाहिलं. अर्ध्या तासात परत. "सगळे बाक भरलेत," म्हणाला. "सगळ्यांच्या बायकांनी पाठवलेले दिसतायत."

शेवटी एकच स्पेस उरली होती, ती म्हणजे मी जिथे बसते ती. एका दुपारी सासूबाई देवळात, मुलगी अभ्यासिकेत, मी एक साडी, तिचा फॉल आणि सुई-दोरा उचलला, दार ओढून घेतलं आणि जिन्यात जाऊन पायरीवर बसले. फॉल हातानेही लावता येतो. ऊन जाळीतून थेट डोक्यावर येत होतं. जाणारा-येणारा साडी ओलांडताना विचारत होता, "क्या हुआ भाभी, चाबी भूल गए?" वरची भाभी भाजी घेऊन आली. इतके दिवस बोलत नव्हती, पण तिच्यानेही राहवलं नाही. "झगडा हुआ?" मी म्हटलं, "नहीं, स्पेस दिया है." ती काही न समजता वर गेली. मला इतकं हसू आलं आणि त्या हसण्याचाच इतका राग आला, की सुई बोटात गेली.

तेवढ्यात दार धाडकन उघडलं. नवरा बनियनवर, हातात ती काठी.

"तू बाहेर का बसलीस?"

"तुला स्पेस देतेय."

"नकोय मला!" तो असा ओरडला, की वर भाभीचं दार उघडल्याचं मी ऐकलं. "कोणी सांगितलं तुला जागा द्यायला? उठतो तर घरात कोणी नाही. मशीन बंद, आई नाही, पोरगी नाही. काय चाललंय तुमचं?"

मी उलट ओरडणार होते, तोंड उघडलंही होतं. पण तो माझ्या बाजूला पायरीवर, साडीवरच, बसला आणि बोलायला लागला.

"आत एक माणूस होता गं. छातीवर बीम. तोंड आणि एक हात, एवढंच मोकळं. मी आडवा होऊन सरकत त्याच्यापर्यंत गेलो, दुसरं कोणी तिथे मावतच नव्हतं. बाहेरून डॉक्टर ओरडत होते, त्याला जागा ठेवा, झोपू देऊ नका. आता अनोळखी माणसाशी मी काय बोलणार? तुझंच सांगत बसलो."

"माझं काय?"

"तू कटकट करतेस ते. ओला टॉवेल पलंगावर टाकला की काय काय बोलतेस, पाहुण्यांसमोर अहो आणि पाहुणे गेले की अरे. तो हसला. म्हणाला, मेरी वाली भी सेम. मी जरा थांबलो की म्हणायचा, 'फिर?' मी आणखी सांगायचो. तुझं काय, संपतच नाही."

"मग?"

"मग कटर घेऊन आमची माणसं आली. साहेब मागून म्हणाले, जागा कर, जागा कर. बरोबरच होतं त्यांचं. मी निघाल्याशिवाय कटर आत जाणार कसा? मी त्याला म्हटलं, जागे रहो भाई, मैं आया. आणि मागे सरकत बाहेर आलो. कटरवाला आत पोचला तोवर तो गेला होता." तो काठीचं टोक पायरीवर घासत राहिला. "डॉक्टर म्हणाले, तसाही वाचला नसता. असेल. पण मी बोलत होतो तोवर जागा होता ना तो. मी जागा केली आणि तो झोपला."

मला रडू यायला हवं होतं. आधी रागच आला. महिनाभर हा माणूस माझ्यासमोर मीठ कमी आहे म्हणत जेवत होता. बैठकीपासून मी याच्यासाठी घर रिकामं करत होते, शांत करत होते, आणि तो त्या शांततेत पडून दर वेळी तेच 'फिर?' ऐकत होता. मी त्याच्या हातातली काठी काढून घेतली आणि म्हटलं, "हे सांगायला तुला महिना लागला? वरच्या भाभीची फरशी ठोकलीस, भटजीला हलवलंस, आणि मला दोन शब्द सांगता येईनात?" मग आलं रडू. त्याला नाही, मला. तो मला गप्प करत बसला.

घरात आलो. त्याने फोन माझ्यासमोर ठेवला. "साहेबांना लाव," म्हणाला. "आत्ताच लाव. संध्याकाळपर्यंत माझा विचार बदलेल."

मी नंबर लावून फोन त्याच्या हातात दिला. तो उभा राहून बोलला, साहेबांशी ते सगळे फोनवरही उभेच राहून बोलतात. "साहेब, त्या स्लॅबनंतर मला झोप लागत नाही. गाडी नका देऊ मला." मग साहेब म्हणाले, "बरं. उद्या ये. बोलू." एवढंच. त्याची गाडी राहील की जाईल, त्याला काय नाव पडेल, त्यातलं काहीच आम्हाला तेव्हा माहीत नव्हतं. त्याने फोन ठेवला, कपाळावरचा घाम पुसला आणि मशीन आणि पलंगाच्या मधे जी चिंचोळी फरशी आहे, तिच्यावर उशी टाकून आडवा झाला.

"मशीन लाव," म्हणाला. "आणि बोल."

"काय बोलू?"

"काहीपण. कटकट कर."

वीस वर्षांत या माणसाने माझ्याकडे ही मागणी पहिल्यांदाच केली. मी मशीन चालू केलं आणि सुरू झाले. सेक्रेटरीकाकांच्या चावीचा विषय काढला. दृष्ट काढणाऱ्या बाईला काय सुनावायचं राहिलं होतं ते सुनावलं. मॅचिंग सेंटरवाला फॉलचा रंग कसा कधीच बरोबर देत नाही, तुझ्या आईने देवळातल्या बायकांना माझ्याबद्दल काय सांगितलं असेल, ओला टॉवेल आत्ता या क्षणी कुठे पडलाय. साहेबांनी लाइट ड्युटी दिली तर गुपचूप घ्यायची, आणि कोणी ट्यूबलाइट म्हणालं तर मी स्वतः येऊन त्याच्या कानाखाली उजेड पाडीन. तो "हं" म्हणत होता. मग "हं" बारीक झालं. मग तो तोंड उघडं टाकून घोरायला लागला.

सासूबाई आल्या. मुलगी आली. दोघी दारातच थांबल्या आणि सासूबाईंनी ओठांवर बोट ठेवून मला गप्प राहायची खूण केली. मी मान हलवून नाही म्हटलं. साडी संपली होती, कोरं कापड सुईखाली घालून मी मशीन चालवत होते आणि बोलत होते, टोमॅटो, बसभाडं, दहावीचे क्लास, जे तोंडात येईल ते. घसा सुकला होता. मुलीने पाण्याचा ग्लास पुढे केला, तर तोही मी घेतला नाही. घोट घ्यायचा म्हणजे बोलायचं थांबायला लागणार, आणि थांबायची माझी हिंमत होत नव्हती.